दरीतले रखवालदार आणि आईचा अंगठा

वळसेसाहेबांच्या आईने दरीतल्या एकाही रखवालदारावर हात उचलला नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला. उचलायचा होता तो हात उजवा. डाव्या हाताने तिचं अगदी छान चाललं होतं.

वळसे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात बसत, आणि तक्रार घेऊन येणारा माणूस लांबून दिसला की मागच्या जिन्याने, कागदपत्रांच्या खोलीतून, सायकलींच्या छपरामागून असा काही वळसा घालत की तो माणूस शेवटी दमून घरी जाई आणि बादलीने पाणी भरी. भांडण हा प्रकारच त्यांना मानवत नसे. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोशीसुद्धा त्यांचं एकदाही धड भांडण झालं नव्हतं. याबद्दल बायकोची कायमची तक्रार होती, पण ती सांगायला जावं तर साहेब गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत असत. एकदा तर त्यांनी रिकाम्या कुंडीला पाणी घातलं होतं.

आईचं तसं नव्हतं. आई शिवणकाम करायची. कोट, शर्ट, फ्रॉक, पडदे, जे येईल ते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, शेजारी कापड बेतायचं लांबट टेबल आणि त्यावर हातभर लांबीची लोखंडी कात्री. त्या कात्रीला घरात दुसऱ्या कोणी हात लावायची टाप नव्हती. मग एके दिवशी वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना स्टूल डगमगलं, गठ्ठा आणि आई एकदमच खाली आले आणि आईचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण अंगठा काही कामावर रुजू झाला नाही. बाकीची चार बोटं आपापल्या परीने हलत. अंगठा तेवढा बाजूला ताठ उभा. कात्रीच्या कडीत तो जाई, पण कात्री मिटत नसे. आईने दोन-चारदा प्रयत्न करून पाहिला, मग कात्री कप्प्यात ठेवली आणि मशीनवर चादर घातली. गिऱ्हाईक आलं की ती म्हणे, "पुढच्या आठवड्यात या." गिऱ्हाईक गेलं की खिडकीतून बाहेर बघत बसे. वळसेसाहेबांना ते बघवत नसे. म्हणून ते पुढच्या खोलीतून न जाता मधल्या बोळातून स्वयंपाकघरात जाऊ लागले.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी आईला दाबायला स्पंजचा एक चेंडू दिला होता. बाई वयाने लहान, पण बोलायला खमक्या. "रोज सकाळ-संध्याकाळ दाबायचा, आजी." आईने तो घरी आणला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यात टाचण्या खोचल्या. टाचण्यांसाठी इतकी झकास गादी तिला आयुष्यात मिळाली नव्हती. पुढच्या खेपेला बाईंनी "चेंडू कसा आहे?" असं विचारल्यावर आईने मनापासून सांगितलं, "फार उपयोगी आहे."

अंगठा बघितल्यावर मात्र बाईंनी वळसेसाहेबांना बाजूला घेतलं. "असं चालणार नाही. व्हिडिओ गेम देऊन बघू. बटण दाबायला अंगठाच लागतो, आणि खेळात माणूस दुखणं विसरतं. हल्ली आम्ही देतो बऱ्याच जणांना. पण आत्ताच. महिना-दीड महिन्यात वाकला तर वाकला. नाहीतर आहे तसा राहील."

"आहे तसा म्हणजे?"

"म्हणजे कात्री विसरायची."

वळसेसाहेबांनी मान हलवली. कात्री विसरलेल्या आईचं चित्र काही त्यांच्या डोळ्यांपुढे येईना, आणि आलं ते त्यांना आवडलं नाही.

यंत्र भांडारात होतं. भांडारपाल माणूस सज्जन होता, पण नियमांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. यंत्र बालविभागाच्या नावावर होतं आणि बारा वर्षांपर्यंतच्या रुग्णालाच घरी देता येत होतं. "रुग्णाचं वय?" त्याने विचारलं. "सत्तर," वळसेसाहेब म्हणाले. भांडारपालाने बारा वर्षांचा नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला. दुसरा कोणी असता तर इथे टेबलावर मूठ आपटून मोकळा झाला असता. वळसेसाहेबांनी नेहमीप्रमाणे वळसा घातला. या खिडकीतून त्या खिडकीत, त्या बाईंकडून या डॉक्टरांकडे असं करत करत इस्पितळ बंद व्हायच्या आत त्यांची आई रीतसर बालविभागात दाखल झाली. तिला बदकाचं चित्र असलेलं कार्ड मिळालं. कार्डावर 'पालक' या शब्दापुढे वळसेसाहेबांनी सही केली तेव्हा त्यांच्या कानशिलांना जरा ऊब जाणवली, पण सही त्यांनी केली. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत सूचना होत्या: रुग्णाने दात घासले की नाही ते पालकाने रोज पाहावे.

"काढून घासले तर चालतात का, तेवढं विचारून ये," आई म्हणाली.

खेळ असा होता. एक दरी होती. दरीत कायम संध्याकाळ. सूर्य मावळायला टेकलेला, पण मावळत नाही. गवताचे तुरे एका बाजूला झुकलेले. कुठूनतरी पाण्याचा आवाज येतोय आणि पाणी काही दिसत नाही. दरीच्या पार टोकाला एक मनोरा. त्या मनोऱ्यातला दिवा विझलेला आहे, तो जाऊन लावायचा. तांबड्या झग्यातलं एक चिमुकलं माणूस हातात कंदील घेऊन निघतं आणि वाटेत त्याला रखवालदार आडवे येतात. रखवालदार म्हणजे डगल्यासकट शेवाळाने मढलेले, दारात मावणार नाहीत एवढे, खांद्यावर लाकडी सोटा टाकलेले. डाव्या अंगठ्याखालची दांडी ढकलली की माणूस चालतं. उजव्या अंगठ्याने मोठं बटण दाबलं की ते तलवार चालवतं. डाव्याने टाळा, नाहीतर उजव्याने मारा. खेळ करणाऱ्याने दोन्ही सोयी ठेवल्या होत्या.

आईने यंत्र मांडीवर घेतलं, डाव्या अंगठ्याने दांडी ढकलली आणि दरीत शिरली. पहिला रखवालदार सोटा सरसावून उभा राहिला. टीव्हीच्या पडद्याजवळ उभे राहून वळसेसाहेब म्हणाले, "आता उजवं बटण, आई. दाब."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खांद्यात दाटतंय रे त्याला," ती म्हणाली. "शिवणाऱ्याने माप घेतलेलंच नाही. आणि बाही बघ, काखेत उसवलीय."

"आई, तो शत्रू आहे."

"असेल. छाती पन्नास तरी आहे." आणि ती त्याला आरामात प्रदक्षिणा घालून पलीकडे गेली. उजवा हात मांडीवर मांजरासारखा निजून राहिला.

इथे आईच्या व्यवसायातली एक रीत सांगितली पाहिजे. ज्याचं माप घेतलं तो गिऱ्हाईक झाला. मग तो कपडा नेऊन महिनोन् महिने तोंड न दाखवो, की झालेल्या कोटाला नावं ठेवो. त्याच्याशी वाकडं बोलायचं नाही. आयुष्यभर ही रीत तिने पाळली होती. आणि समोर आलेल्या माणसाचं माप तिच्या नजरेने आपोआप घेतलं जाई, त्याला ती तरी काय करणार? दरीतल्या ज्या ज्या रखवालदाराला तिने नीट पाहिलं, तो तो तिच्यापुरता गिऱ्हाईक झाला. "मारायचं कशाला? वाट रुंद आहे की," ती म्हणे, आणि डाव्या अंगठ्याने वळसा घेई. साहेबांनी हा गुण कोणाकडून उचलला, हे बायकोला आत्ता कळलं, आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात लावली.

आठवड्याने बाईंनी तपासलं. अंगठा होता तिथेच होता. "खेळतात ना?" "दिवसभर," वळसेसाहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. बाईंनी यंत्र लावून हिशोबाचं पान उघडलं. हरवलेले शत्रू: शून्य. बाई म्हणाल्या की दोन महिन्यांत त्यांनी शून्य कोणाचंच पाहिलं नव्हतं. प्लास्टरमधल्या हाताने खेळणाऱ्या एका मुलीनेसुद्धा चिकार मारले होते. "त्यांना लढायला लावा," त्या म्हणाल्या. "पालक म्हणून तुमची जबाबदारी आहे."

लढायला लावायचं, आणि तेही वळसेसाहेबांनी. त्यांनी आधी स्वतः शिकायचं ठरवलं. आई दुपारी आडवी झाली की ते सुट्टीच्या दिवशी तिचा डाव तसाच राखून यंत्रावर आपला वेगळा डाव मांडत. पहिल्या रखवालदारासमोर त्यांचा अंगठा बटणावर जाई आणि तिथेच गोठे. एवढा मोठा देह अंगावर येताना बघून ते पुटपुटत, "एक मिनिट हं," आणि तेवढ्या मिनिटात सोटा डोक्यात बसे. चिमुकलं माणूस गवतात निजे, दरी काळोखी होई आणि सगळं पहिल्यापासून सुरू होई. एकदा तर रखवालदाराला चुकून तलवार लागली तेव्हा साहेब "माफ करा" म्हणाले. हे बायकोने ऐकलं. सोट्यापेक्षा तेच त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं.

मग त्यांना एक युक्ती सुचली. यंत्र उलटं धरायला दिलं तर चालायची दांडी उजवीकडे येईल, आणि आईला नाइलाजाने उजवा अंगठा हलवावा लागेल. युक्तीवर ते इतके खूश झाले की रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी यंत्र उलटं करून आईच्या हातात दिलं. आईने थोडा विचार केला, डावा हात उजव्या हातावरून आडवा नेला आणि पलीकडच्या दांडीवर टेकवला. यंत्र उलटं असल्यामुळे माणूस पाठमोरं चालू लागलं. त्या दिवशी तांबड्या झग्यातल्या माणसाने अख्खं गवताळ कुरण पाठमोरं पार केलं, तेही एकाही रखवालदाराला धक्का न लावता. "असं गेलं की मागचा देखावा दिसतो," आई म्हणाली.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर कवायत शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर राहत. ते आपण होऊन वर आले. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असे.

"साधी गोष्ट आहे," मास्तर म्हणाले. "शत्रू दिसला की विचार बंद. मी शिट्टी मारीन. शिट्टी वाजली की अंगठा खाली. माझ्या हाताखाली पोरं शिट्टीवर खंदक ओलांडायची."

"खंदक होता शाळेत?" वळसेसाहेबांनी विचारलं.

"खोदून घेतला होता," मास्तर म्हणाले.

रखवालदार आला. मास्तरांनी अशी शिट्टी मारली की समोरच्या बिऱ्हाडातलं तान्हं मूल जागं झालं आणि खालच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. आईने शांतपणे मास्तरांकडे वळून पाहिलं. "तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे," ती म्हणाली. "कोटाला गादी घालावी लागेल. बसा." मास्तर बसले. पडद्यावर संध्याकाळ होती, गवत एका बाजूला झुकलं होतं, न दिसणारं पाणी वाहत होतं. मास्तरांचे डोळे आधी बारीक झाले, मग मिटले. शिट्टी छातीवर वरखाली होत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ते आपली खुर्ची घेऊन येऊ लागले. वळसेसाहेबांच्या बायकोला म्हणाले, लढाईचं नंतर बघू, आधी त्यांना मनोऱ्यापर्यंत पोचू द्या.

खरं म्हणजे त्या खोलीची हवाच बदलली होती. दुपारी खिडकीचे पडदे ओढलेले असत, पडद्यातून कोवळा तांबूस उजेड येई, आणि दरीतला उजेड कुठे संपतो नि खोलीतला कुठे सुरू होतो ते कळत नसे. इमारतीतली दोन-चार माणसं भिंतीला टेकून बसलेली असत. मशीनवरची पांढरी चादरसुद्धा अर्धवट उजेडात एखाद्या टेकडीसारखी दिसे. कचेरीतून आल्यावर वळसेसाहेब दारातच चपला हातात घेऊन उभे राहत. क्षणभर त्यांना वाटे की आपण सगळेच तिथे राहतो, मनोऱ्यातला दिवा नसला तरी चालण्यासारखं आहे, आणि कोणाचं काहीच मोडलेलं नाही. मग आई चहाचा कप उचलायला डावा हात पुढे करी, आणि त्यांना सगळं आठवे.

तेवढ्यात आणखी एक भानगड झाली. या खेळातला रखवालदार टाळला तरी तो जागेवर परत जात नसे. मागे लागे. मारणाऱ्यांना हे कळायची वेळच येत नसणार, पण आईने एकालाही मारलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचे सगळेच्या सगळे तिच्या मागून सोटे सावरत येत होते. ते सावकाश चालत, आणि आईही सावकाश चाले, म्हणून गाठ पडत नव्हती इतकंच. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा कुरणभर रांग लागलेली. दुसरी कोणी असती तर तिची गाळण उडाली असती. आईने त्यांना नावं ठेवली. खांद्यात दाटणारा पहिला तो थोरला. त्याच्या मागचा मधला. त्याच्या मागे लंगडा, मग जुळे, आणि सर्वांत शेवटी एक लठ्ठ, धापा टाकत येणारा, तो धाकटा. चढणीपाशी धाकटा मागे राहिला तर आई उभी राही. "येऊ दे त्याला. चुकला तर कुठे जाईल?" आणि मास्तर डोळे न उघडता म्हणत, "बरोबर आहे. तुकडी एकत्र राहिली पाहिजे."

वळसेसाहेबांचं कचेरीत लक्ष लागेना. फायली पुढ्यात उघड्या असत आणि त्यांच्यावरून गवत हलताना दिसे. इस्पितळात आईबरोबर जायला अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. अर्ज त्यांनी शिपायाबरोबर आत पाठवला होता, पण होकार मोठ्या साहेबांसमोर जाऊन घ्यायचा, आणि मोठे साहेब हल्ली तापलेले होते. मोठे साहेब बोळातून येताना दिसले. त्यांचा कोट खांद्यात दाटत होता, हे वळसेसाहेबांच्या आयुष्यात पहिल्यांदाच लक्षात आलं. ते लगबगीने कागदपत्रांच्या खोलीत शिरले. आत गार होतं, जुन्या कागदांचा वास होता, झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता. ते दोन मिनिटं म्हणून गठ्ठ्यावर टेकले आणि दरीत पोचले. दरीत ते पुढे चालले होते आणि मागून त्यांनी टाळलेली सगळी माणसं येत होती: तोट्या कोरड्या पडलेले, बादल्या घेतलेले, इतक्या वर्षांचे सगळे, अगदी सावकाश, न रागावता. सर्वांत मागे बायको होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. साहेबांनी थांबून बघावं असं ठरवलं, आणि तेवढ्यात शिपायाने येऊन दार वाजवलं. मोठे साहेब दिवसभर त्यांनाच शोधत होते. त्यांना रजा द्यायला.

आईला मग बायकोच इस्पितळात घेऊन गेली. संध्याकाळी ती गॅलरीत आली, साहेबांच्या हातातला पाण्याचा डबा तिने काढून घेतला आणि खाली ठेवला.

"अहो, ऐकून घ्या. बाई म्हणाल्या, आता थोडेच दिवस. पुढच्या तपासणीला फरक नसेल तर यंत्र परत घेणार. आणि मग त्या काही करणार नाहीत. काही करण्यासारखं राहणारच नाही."

"आईला सांगितलं?"

"त्यांच्यासमोरच बोलल्या. येताना रिक्षात आई मला म्हणाल्या, मशीन विकून टाकलं तर खिडकीपाशी जागा होईल."

साहेबांना कुंड्यांकडे वळावंसं वाटलं, पण डबा बायकोपाशी होता. आईचं मशीन त्या खिडकीपाशी नाही, अशी खोली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते म्हणाले, "मी बघतो." बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की पाण्याची तक्रार घेऊन येणारी माणसं परवडली.

आई तोवर पुलापाशी पोचली होती. दरी संपते तिथे एक लाकडी पूल, पलीकडे मनोरा. पूल एका माणसापुरता अरुंद, आणि त्याच्या तोंडाशी शेवटचा रखवालदार. त्याला वळसा घालायला जागाच ठेवलेली नव्हती. खेळ करणाऱ्याने इथे मात्र एकच सोय ठेवली होती. आईने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, माप घेतलं आणि चिमुकल्या माणसाला एका दगडाआड उभं केलं.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता थांबायचं. त्याची ड्युटी संपेल की कधीतरी."

दगड मोठा होता, त्याच्याआड असलं की रखवालदारांना दिसत नसे. मागची सगळी रांग येऊन पोचली आणि काय करावं न सुचून इकडेतिकडे उभी राहिली. थोरला दगडाच्या अगदी बाजूला, पाठमोरा. आईने त्या दिवशी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. दुसरा रखवालदार बदलीवर आला नाही. "काय माणसं आहेत. कोणी सुट्टी तरी देतं की नाही याला," ती म्हणाली. डावा हातसुद्धा आता रिकामा होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पडद्यातल्या संध्याकाळीकडे बघत होती. खिडकीतून बाहेर बघायची तशीच, हे वळसेसाहेबांच्या ध्यानात आलं.

रविवारची दुपार होती. मास्तर खुर्चीत डुलकी घेत होते. साहेब पुढच्या खोलीत आले, बोळातून नव्हे, सरळ दारातून. आईच्या पायाशी जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्या मांडीवरचं यंत्र उचललं.

"काय करतोस?"

"त्याला मारतो. तू बघ कसं करतात ते, मग पुढचं तू कर."

"तुला जमणार आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या भानगडीत साहेब पडले नाहीत. त्यांनी चिमुकल्या माणसाला दगडाआडून बाहेर काढलं. पुलावरच्या रखवालदाराने सोटा उचलला. साहेबांनी डोळे गच्च मिटले, चिमुकल्या माणसाचं तोंड कुठे आहे याचा विचार केला नाही, आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिले. कचेरीत, घरी, जिन्यात जे जे म्हणून त्यांनी कधी कोणाला ऐकवलं नव्हतं ते सगळं त्या बटणावर उतरलं.

डोळे उघडले तेव्हा पुलावरचा रखवालदार जागच्या जागी होता. माणसाचं तोंड उलट दिशेला होतं. थोरला गुडघ्यांवर बसला होता. त्याने सोटा हळूच गवतावर ठेवला, उसवलेल्या बाहीचा हात टेकला, आणि त्याच्या अंगावरचं शेवाळ कापसासारखं सुटून उडू लागलं. बारीक बारीक पुंजके संध्याकाळच्या उजेडात वर गेले, थोडा वेळ तरंगले आणि दिसेनासे झाले. मधला आणि जुळे तसेच उभे होते. पाण्याचा आवाज येत होता.

साहेब म्हणाले, "चुकून..."

आणि तेवढ्यात त्यांचा कान पकडला गेला.

"मागून मारलंस," आई म्हणाली. "मागून. त्याने तुझं काय केलं होतं? पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होता तो. मी त्याचं माप घेतलं होतं, ठाऊक आहे तुला? हे शिकवलं मी तुला? चाळीस वर्षं समोरच्याशी बोलायची छाती नाही, आणि पाठमोऱ्यावर तलवार चालवतोस?"

साहेबांना हे सगळं ऐकू येत होतं, पण त्यांचं अर्धं लक्ष कानाकडे होतं. आई त्यांच्या उजव्या बाजूला बसली होती, आणि डाव्या हाताने तिने आपल्या खुर्चीचा हात धरलेला त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता. म्हणजे कानावर आहे तो उजवा. कानाच्या मागच्या बाजूला एक बोट होतं. पुढच्या बाजूलाही एक काहीतरी होतं, आखूड, रुंद, आणि ते दाबत होतं. फार जोर नव्हता त्यात. सुरुवातीला तर नुसतं टेकलं होतं. मग ते थरथरलं, घसरलं, परत आलं, आणि वाकून घट्ट बसलं.

साहेब हलले नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा बेताने घेतला.

आवाज ऐकून बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिची नजर कानावर गेली. तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी तिच्याकडे बघून अगदी हळू मान हलवली, कान सुटणार नाही इतकीच. बोलू नकोस. सांगितलंस तर तिच्या लक्षात येईल, आणि लक्षात आलं की ती सोडेल. इतक्या वर्षांत दोघांचं एखाद्या गोष्टीवर इतकं चटकन एकमत झालं नव्हतं. बायकोने तोंडाला पदर लावला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आई बोलतच होती, पण तिचा राग ओसरायला लागला होता. "आता त्या मधल्याला काय वाटत असेल," ती म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला. कानावरची पकडही सैल पडू लागली. आता अंगठा सुटेल, आणि परत मांडीवर जाऊन निजेल.

वळसेसाहेबांनी जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. त्यांनी यंत्र पुन्हा वर उचललं, पडद्यावरच्या चिमुकल्या माणसाचं तोंड नीट मधल्याकडे वळवलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "मग यालाही टाकतो आडवा. काय करशील?"

कान असा पिळला गेला की त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं, मास्तर दचकून जागे झाले, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत असताना साहेबांनी मधल्याच्या दिशेने आणखी एक पाऊल टाकलं.